लिथुआनियाच्या दफनभूमींतील लाकडी ख्रिस्त

प्रश्न : लिथुआनियाच्या खेड्यांतील दफनभूमींत काट्यांचा मुकुट घातलेला, गाल तळहातावर टेकवून बसलेला ख्रिस्त लाकडी खांबावरच्या छोट्या छपराखाली दिसतो. उघड्यावरच्या या मूर्ती टिकतात कशा?

उत्तर १ : ‘रूपिंतोयेलिस’ नावाच्या या मूर्तीचे छपरामुळे पावसापासून रक्षण होते, पण लाकूड अखेर कुजतेच, म्हणून जुन्याच्या जागी नवे उभारतात. मला ही रीत मूर्तीइतकीच मोलाची वाटते.

उत्तर २ : श्रेय कारागिरांनाही द्यायला हवे. रशियन सत्तेविरुद्धच्या १८६३ च्या उठावानंतर झारशाहीने क्रूस उभारण्यावर बंदी घातली. त्याच पिढीतले विंत्सास स्विर्स्किस (१८३५–१९१६) शेतकऱ्यांच्या घरी मुक्काम करत, ओकच्या अखंड खोडातून संतांच्या मूर्तींसह क्रूस कोरत.

उत्तर ३ : युनेस्कोने २००१ मध्ये लाकडी क्रूस व अशा मूर्ती कोरण्याच्या या कलेचा गौरव केला.