मांडवा ते काशीद सायकलने, एक रात्र टेंटमध्ये: दोघांनी कुठवर जावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं लालबागला राहतो. जानेवारीत पौर्णिमेच्या आसपासच्या शनिवारी सायकलने निघायचं, रात्र टेंटमध्ये काढायची आणि रविवारी घरी परतायचं असं ठरतंय. पौर्णिमेचा हट्ट नवऱ्याचा. सायकलची सवय दोघांनाही आहे, पण ती रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हला जाऊन येण्याइतकी. सामान लादून कधी चालवलेली नाही.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्याही नेणाऱ्या बोटीने) मांडवा, तिथून अलिबागवरून दक्षिणेला, इथवर एकमत आहे. पुढे घरात दोन पक्ष पडलेत. नवऱ्याला काशीद गाठायचंय. मांडव्यापासून जेमतेम पन्नास किलोमीटर, ताशी पंधराने साडेतीन तास, हा त्याचा हिशोब. मला आक्षी-नागावच्या पुढे जायचं नाही. टेंट उभा करायचा, काहीतरी शिजवायचं, समुद्रावर बसायचं, एवढं करायला अंगात त्राण तरी उरायला हवं. पोचल्या पोचल्या आडवंच व्हायचं असेल तर घरचा पलंग काय वाईट? (सासूबाईंना हा सगळाच प्रकार अगम्य आहे. पैसे देऊन, बोटीतून जाऊन जमिनीवर झोपायचं, हे त्या शेजारणींना कौतुकाने सांगताहेत की तक्रारीने, ते अजून कळलेलं नाही.)

माझी सायकल हायब्रिड आहे, मागे कॅरिअर लावलाय. त्याची जाड टायरची, पुढे सस्पेन्शन असलेली एमटीबी (माउंटन बाइक), तिला कॅरिअर नाही. टेंट तीन किलोच्या आसपास. तो म्हणतो सॅक पाठीवर घेईन. हे कितपत बरोबर?

आणि मुख्य म्हणजे टेंट लावायचा कुठे? थेट किनाऱ्यावर, सुरूच्या बनात, की कुणाच्या वाडीत विचारून? मला रात्री-अपरात्री बाथरूम जवळ हवंय. यावर लाजण्यासारखं काही नाही, म्हणून स्पष्टच लिहिते.

पॅडलमारू:
आधी मुंबईतलं. ईस्टर्न फ्रीवेवर सायकलला बंदी आहे, त्यामुळे तो विचार डोक्यात असेल तर काढून टाका. अटल सेतूवरही सायकल चालत नाही. तुम्हाला लालबागहून कॉटन ग्रीन, रे रोड, दारूखाना करत धक्क्याला जाता येईल. पहाटे ट्रक असतात, मागचा लाल दिवा चालू ठेवा. धक्क्यावर सकाळी मासळीचा बाजार भरलेला असतो, रस्ता ओला आणि बुळबुळीत. तिथे खाली उतरून सायकल हातात धरून चाला, सामानासकट घसरलात तर सगळा बेत तिथेच संपेल. बोटीला साधारण तासभर लागतो. सायकल गाड्यांच्या डेकवर कठड्याला बांधायला एक इलॅस्टिकचा दोर जवळ असू द्या.

किनाराकिनारा:
तुमच्या दोन पक्षांचा निकाल जातानाच्या अंतरावर लावू नका, येतानाच्या वाऱ्यावर लावा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ते इथे कामाला येतं. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मंद वारा असतो. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि आपल्या किनाऱ्यावर तो बहुतेक वायव्येकडून येतो. शनिवारी तुम्ही दक्षिणेला जाणार, तेव्हा दुपारचा वारा पाठीला थोडी मदतच करेल. रविवारी मांडव्याकडे म्हणजे उत्तरेला यायचं, तेव्हा तोच वारा तोंडावर. टेंट आणि सॅक बांधलेली सायकल वाऱ्याला चांगलीच अडते.

काशीदला राहिलात तर पन्नास किलोमीटर परत यायचंय. टेंट सुकवून, गुंडाळून निघेपर्यंत नऊ वाजतात. म्हणजे थळ-किहीमच्या टप्प्यात तुम्ही नेमके भर दुपारी, तेही रविवारी परतणाऱ्या मुंबईकरांच्या गाड्यांमधून. आक्षी-नागावहून मांडवा तीसच्या आत आहे. आठला निघा, अकराच्या सुमारास जेट्टीवर. ताशी पंधराचं गणित रिकाम्या सायकलचं आहे. सामानासह बारा धरा आणि चहा-फोटो वेगळे मोजा.

माझं मत ताईंच्या बाजूने. नवरोबांना हौस असेलच तर शनिवारी आक्षीत सामान टाकून रिकाम्या सायकलींनी चौल-रेवदंडा करून या. रेवदंड्यात पोर्तुगीज कोटाच्या आतच गाव वसलंय, तटबंदीतून रस्ता जातो, ते बघण्यासारखं आहे. आक्षीतला शिलालेखही बघा, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये त्याची गणना होते. साळावचा पूल ओलांडायचा मोह आवरा, कारण त्यापलीकडे कोर्लईपासून रस्ता डोंगर आणि समुद्राच्या मधून चढउतार करत जातो आणि दिवस संपत आलेला असतो. जानेवारीत सव्वासहा-साडेसहाला सूर्य बुडतो. साडेपाचच्या आत मुक्कामी असा.

मांडव्याहून जाताना मुख्य रस्ता सोडून सासवणे, आवास, किहीम अशा गावातल्या रस्त्याने जा. थोडा वळसा पडतो, पण सावली असते.

वाडीकर:
ताई, किनाऱ्यावर नको. पौर्णिमा म्हणताय ना? आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा, दिवसाही आणि रात्रीही. शिवाय ते उधाण, पाणी नेहमीपेक्षा वर येणार. तुम्ही साखरझोपेत आणि लाट टेंटच्या दारात. दिवसा मोकळी दिसणारी पुळण बघून फसू नका. वाळलेल्या शेवाळाची आणि कचऱ्याची वरची रेघ कुठे आहे ते बघितलं की पाणी कुठवर चढतं ते समजतं.

सुरूचं बन दिसायला छान, पण ती जागा कुणाची ना कुणाची असते, ग्रामपंचायतीची नाहीतर वनखात्याची. न विचारता राहू नका, आणि चूल तर अजिबात पेटवू नका. खाली सुरूच्या वाळक्या काड्यांचा थर असतो, भुर्रकन पेटतो.

वाडी सगळ्यात बरी. घरगुती राहण्याची सोय करणारे बरेच जण आवारात टेंट लावू देतात. आधी फोन करून पैसे ठरवा, बाथरूम वापरायला मिळेल का तेही तेव्हाच विचारा. दोघांची ओळखपत्रं बरोबर ठेवा. टेंट माडाखाली लावायचा नाही, कितीही सावली असली तरी. नारळ पडायची वेळ सांगून पडत नाही. सुपारीच्या आळ्यांपासूनही लांब राहा आणि पहाटे कुठल्या बाजूला पाणी सोडणार ते मालकांना विचारून घ्या, नाहीतर पंप चालू झाल्यावर उठाल.

आणि स्टोव्हचं ओझं कशाला? वाडीत घरचं जेवण सांगा. भाकरी आणि माशाचं कालवण.

पॅडलमारू:
सॅकचं राहिलं. पाठीवर नको. तासाभरात खांदे आणि बूड दोन्ही बोलायला लागतात, घामाने पाठ चिंब होते ते वेगळं. एमटीबीच्या फ्रेमला मागच्या चाकाजवळ स्क्रूची भोकं आहेत का बघा, असतील तर साधा कॅरिअर बसतो. नसतील तर सीटच्या दांड्याला लावायचा मिळतो, पण त्यावर झोपायच्या पिशव्यांसारखं हलकंच सामान. टेंट तुमच्या कॅरिअरवर आडवा, जितका खाली बांधता येईल तितका. निघण्याआधी मागच्या चाकाच्या तारा दुकानात तपासून घ्या, सगळं वजन तिथेच येतं.

पंक्चरवाला वाटेत मिळेल. पण तुमच्या हायब्रिडला बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा पंप बसणार नाही. छोटं पितळी अडॅप्टर मिळतं, ते आणि दोन्ही मापांची एकेक जादा ट्यूब.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. उधाणाचं वाचून नवरा गप्प झालाय, पौर्णिमेचा हट्ट मात्र सोडत नाही. चांदणं वाडीतून पण दिसेल असं सांगितलंय. आक्षी नक्की, काशीद एसटीने कधीतरी. अडॅप्टर कालच आणलं.

एकच राहिलं: टेंट रात्री आतून ओला होतो म्हणतात, समुद्राजवळ जास्त. त्यावर उपाय?

वाडीकर:
दव पडणारच. वरचं कापड आतल्याला टेकू देऊ नका, ताणून बांधा, आणि थंडी वाजली तरी दोन्ही बाजूंच्या जाळ्या उघड्या ठेवा. एक जुनं सुती फडकं घ्या, सकाळी पुसून थोडा वेळ उन्हात टाका. तोवर पोहे होतील.