'ट्रेन'ला सोगा म्हणावं का?

प्रश्न: ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटिश राजघराण्याच्या लग्नांवर लिहितेय. डायनाच्या पोशाखामागे जमिनीवर लोळणाऱ्या लांब कापडाबद्दल '25 फुटांची ट्रेन' असं लिहिलं, तर आईने विचारलं, "कुठल्या फलाटावर?" ट्रेनऐवजी काय लिहू? घोळ, शेपूट, पदर? 'गाऊन'ही खटकतोय. आपल्याकडे गाऊन घालून बायका दूधवाल्याला दार उघडतात.

उत्तर: बिनधास्त 'सोगा' लिहा. धोतराचा, पागोट्याचा, पदराचा मोकळा सोडलेला शेवट तो सोगा. घोळ पायाशी चहूबाजूंनी असतो, म्हणून तर 'पायघोळ'. 29 जुलै 1981 ला डायनाच्या लग्नात सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर जे पसरलं होतं ते फक्त पाठीमागे. शेपूट म्हणाल तर नवरीची वानरसेनेत भरती. शिवाय सोग्याला जोडीचं क्रियापद आयतं मिळतं: करवल्या सोगा सावरत होत्या. 'ट्रेन सावरत होत्या' लिहून बघा!

आईंची शंका मात्र अगदीच वावगी नाही. 'मागून ओढत नेणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आधी झग्याची ट्रेन आली, रुळांवरची कित्येक शतकांनी. आणि हो, गाऊनऐवजी झगाच.

आणखी एक मत: मला नाही पटत. सोगा न शिवलेल्या वस्त्राला असतो, हा तर झग्याचाच भाग. आणि सोगा असून असून केवढा, हातभर. अख्खं नऊवारी उलगडलं तरी 27 फूट भरतं, इथे जवळपास तेवढं कापड जमिनीवरून चाललंय!

उत्तर: लांबी वाढली म्हणून नाव बदलत नाही. 1986 मध्ये राजपुत्र अँड्रूशी लग्न करताना सारा फर्ग्युसनचा सोगा 17 फुटांवर आला, तरी इंग्रजीत शब्द तोच. त्यावर मण्यांनी अँड्रूच्या नावाचं आद्याक्षर होतं आणि तो नौदलातला म्हणून नांगर आणि लाटा. एवढ्या कामाला काय 'मागचं जास्तीचं कापड' म्हणायचं? शिवलेल्याचा मुद्दा मान्य. पहिल्यांदा 'झग्याचा पाठीमागचा सोगा' लिहा, पुढे नुसता सोगा चालेल.

प्रश्नकर्ती: झगा चालेल, पण 'चुण्यांचा झगा' लिहिलंय ते बरोबर आहे ना? डायना बग्गीतून उतरताना तो तसा दिसतो.

उत्तर: चुकलं. चुण्या शिवणारा मुद्दाम घालतो. इथे वडिलांच्या शेजारी, काचेच्या बग्गीत, तो सगळा पसारा दुमडून बसवला होता. कापड रेशमी टॅफेटा, दुमडलं की मोड धरून ठेवणारं. (टॅफेटा मूळचा फारसी 'ताफ्ता'. जुन्या मराठीतही ताफता आहे, तेव्हा तोच वापरलात तरी मी हरकत घेणार नाही.) उतरल्यावर दिसला तो चुरगळलेला झगा. तो शिवणाऱ्या एमॅन्युएल दांपत्याला ते पाहून धस्स झालं. 'चुण्यांचा' लिहिलंत तर वाचणाऱ्याला ती फॅशन वाटेल. फॅशन बाह्यांची होती, आपल्या ब्लाउजच्या फुग्यांना लाजवतील एवढे फुगे.

प्रश्नकर्ती: 'चुरगळलेला' केलं, सोगाही ठेवला. आईचा पुढचा प्रश्न, "एवढा सोगा धरला कुणी?" करवल्या पाच, पण भिस्त दोन मोठ्यांवर. त्यातली 13 वर्षांची माउंटबॅटन यांची नात. तिचं नाव इंडिया.