शब्दचर्चा: जुन्या रायफलीचा ‘जीर्णोद्धार’ म्हणावं का?

विचारणा: मी टेक्सासात राहतो. इथे लष्करी सरप्लसमधून आलेली ईशापूरची (बंगालमधल्या सरकारी शस्त्र कारखान्याची) थ्री-नॉट-थ्री रायफल घेतली आहे. दस्त्यावर ओरखडे, नळीवर गंजाचे ठिपके, पुढच्या लाकडाला तांब्याची तार गुंडाळलेली. इथले लोक म्हणतात, रिस्टोअर कर. याला मराठीत काय म्हणावं? जीर्णोद्धार की डागडुजी?

प्रतिसाद: जीर्णोद्धार देवळाचा, विहिरीचा, तळ्याचा होतो. त्यात जुनं काढून नवं बसवणं गृहीतच असतं (आणि देणगीदारांच्या नावाची फरशीही). डागडुजी गळक्या कौलांची. काम भागलं की झालं, जुनेपणाशी तिला देणंघेणं नाही. तुमच्या गोष्टीला ‘जतन’ बरा.

प्रतिसाद: आधी एक सांगा, तार काढली नाहीत ना? ती कुणी हौसेने गुंडाळलेली नाही. नळीच्या तोंडाला कप बसवून ग्रेनेड उडवायला ज्या रायफली वापरत, त्यांचं लाकूड धक्क्याने फुटू नये म्हणून ती तार. ती काढली तर रायफल सुंदर दिसेल, पण तिने काय काम केलं ते पुसलं जाईल. तेच सँडपेपरचं. दस्त्यावर तपासनिसांचे बारीक शिक्के असतात, दोन हात मारले की साफ. लोक ज्याला रिस्टोअर म्हणतात ते बहुतेकदा नुसतं ‘उजळणं’ असतं. भांडी उजळावीत, रायफल नाही.

विचारणा: तार आहे अजून. मग ‘पूर्ववत करणे’ हा शब्द कुठेच नको?

प्रतिसाद: हवा की. शिकारीसाठी पुढचं लाकूड कापून टाकलेल्या लष्करी रायफली तिकडे ढिगाने मिळतात. तशीला त्याच जातीच्या रायफलीचं जुनं लाकूड शोधून बसवलं, तर ते पूर्ववत करणं.

प्रतिसाद: पण कुठल्या ‘पूर्वी’सारखं? ईशापुरात थ्री-नॉट-थ्रीच्या .४१० बोअरच्या एकबारी बंदुका करून पोलिसांना, पहारेकऱ्यांना दिल्या. नळीतले आटेच (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) गेले, म्हणजे काटेकोर बोलायचं तर ती रायफलही उरली नाही. तिचा .४१० अवतारच आता खरा. तुमच्या तारेलाही हाच न्याय.

प्रतिसाद: एवढं जड कशाला? ‘तेलपाणी करतोय’ म्हणा, सगळ्यांना कळेल. गंजावर तेल आणि अगदी बारीक स्टीलवूल, हलक्या हाताने. लाकडाला कच्चं जवसाचं तेल तळहाताने चोळा. फौजेतही तेच लावत. वार्निश नको. चालवायची असेल तर आधी जाणत्या बंदूक-कारागिराला दाखवा, तारवाल्यांनी खूप मार खाल्लेला असतो. पाणी लागेल ते फक्त नळीत, तेही उकळतं: जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतले (दारू पेटवणाऱ्या भागातले) क्षार तेलाने विरघळत नाहीत, आणि राहिले की गंज पुन्हा धरतो. नंतर कोरडं करून तेलाचं फडकं फिरवा.