सब्रोगेशन: हक्क हलतो की माणूस?

मसुदेकार: विमा कंपनीने भरपाई दिली की नुकसान करणाऱ्याकडून वसुली करायचा हक्क तिच्याकडे येतो, हेच सब्रोगेशन. मग त्या वेळी सही घेतात त्या कागदाला सरळ 'हक्क हस्तांतरण' म्हणा की! लॅटिन व्युत्पत्ती उगाळून काय मिळणार?

तळटीप: असहमत. 'रोगारे' म्हणजे विचारणे. रोमन सभेत प्रस्ताव मताला टाकण्यासाठीही हेच क्रियापद. कॉन्सल (निवडून आलेला रोमचा सर्वोच्च अधिकारी) मुदतीतच मेला तर त्याच्या जागी दुसरा निवडायचा, ते 'सुब्रोगारे'. खुर्ची तीच, उरलेली मुदत तीच, बसणारा नवा. ('सरोगेट' हे याच शब्दाचं भावंड.) सब्रोगेशनमध्येही कंपनी विमाधारकाच्या जागी येऊन बसते. म्हणून इंग्लिश पद्धतीत दावा विमाधारकाच्याच नावाने लागतो, समोरच्याचे बचाव तेच राहतात आणि दावा लावायची मुदत मूळ दाव्याचीच मोजतात, भरपाईच्या चेकच्या तारखेपासून नाही. दावे मुदतबाह्य होतात ते नेमके इथे.

मसुदेकार: भारतीय करार कायदा, १८७२, कलम १४० वाचा. तेही सब्रोगेशनच: जामीनदाराने कर्ज फेडलं की धनकोचे ऋणकोविरुद्धचे सगळे हक्क त्याला मिळतात, आणि वसुली तो स्वतःच्या नावाने करतो.

तळटीप: बरं, नावाचा मुद्दा सोडला. रकमेचं काय? १९४५ मध्ये कॅनडा सरकारच्या जहाजाशी झालेल्या टकरीत एक जहाज गेलं, विमा कंपन्यांनी ७२,००० पौंड दिले. कॅनडा सरकारकडून भरपाई आली १९५८ मध्ये, डॉलरमध्ये. मधे १९४९ ला पौंडाचं अवमूल्यन झालेलं, त्यामुळे हाती आले सुमारे १,२७,००० पौंड. १९६१ चा इंग्लिश निकाल (यॉर्कशायर इन्शुरन्स विरुद्ध निस्बेट शिपिंग): कंपन्यांना ७२,०००च, वरचे जहाजमालकाचे. पूर्ण हस्तांतरण असतं तर सगळे कंपन्यांचे.

जोडपत्र: म्हणूनच जाणते मसुदेकार एकाच कागदात दोन्ही घालतात: सब्रोगेशनही, हस्तांतरणही. पण विमाधारकाने आधीच तडजोड करून समोरच्याला 'पूर्ण व अंतिम' पावती लिहून दिली असेल तर? जी खुर्चीच मोडली तिच्यावर बसणार कोण! भरपाई देण्याआधी तसं काही लिहून दिलेलं नाही, हे लेखी घ्या. आणि कृपया यात नोव्हेशन आणू नका. त्यात जुना करार संपून नवा जन्मतो.

मसुदेकार: ७२,०००चा मुद्दा मान्य. शीर्षकात 'हस्तांतरण' एकटं ठेवणार नाही. कलम १४० वर मात्र मी ठाम आहे.