जगप्रसिद्ध वास्तूंमध्ये मूळ किती आणि नंतरचे किती, हे कसे ओळखावे?

शोधयात्री

नमस्कार. परदेशातील प्रसिद्ध वास्तूंविषयी वाचताना एक गोष्ट सतत खटकते. माहितीपत्रकांत वास्तूचे वय ठळक अक्षरांत दिलेले असते. परंतु आज जे समोर उभे आहे, त्यातला किती भाग खरोखर त्या वयाचा आहे, हे क्वचितच सांगितले जाते. पॅरिसच्या नोत्र-दामचे निमुळते शिखर २०१९ च्या आगीत कोसळले, तेव्हा मध्ययुगीन ठेवा गेला म्हणून अनेकांनी हळहळ व्यक्त केली. प्रत्यक्षात ते शिखर १९व्या शतकातील होते. स्टोनहेंजमध्ये १७९७ साली पडलेल्या प्रचंड शिळा १९५८ मध्ये पुन्हा उभ्या केल्या गेल्या, हेही तिथे जाणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते.

ग्रीस, इजिप्त आणि आग्नेय आशिया असा प्रवास करण्याचा विचार आहे. माझे दोन प्रश्न आहेत. जुने आणि नवे यांतील फरक जागेवर उभे राहून, तज्ज्ञ नसतानाही ओळखता येतो का? आणि जी वास्तू बहुतांशी नव्याने उभारली आहे, ती पाहायला मुद्दाम जावे का? ‘एकदा पाहाच’ अशा स्वरूपाच्या याद्या पुष्कळ मिळाल्या आहेत, त्यामुळे त्या नकोत.

चिरेबंदी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, आणि त्याची सुरुवात अथेन्सच्या पार्थेनॉनपासून करावी, कारण तिथे हा फरक लपवायचा नाही असेच ठरवून काम केलेले आहे. इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात उभारलेले हे मंदिर पुढे चर्च झाले, त्यानंतर मशीद झाले, आणि १६८७ मध्ये तुर्की सैन्याने आत साठवलेल्या दारूगोळ्यावर व्हेनिसच्या तोफेचा गोळा पडून त्याचा मधला भाग उडाला. म्हणजे आज दिसणारी पडझड ही काळाने हळूहळू केलेली झीज नसून तिचा मोठा वाटा एका संध्याकाळचा आहे.

जवळून पाहताना रंगाकडे लक्ष द्यावे. पेंटेली डोंगराच्या संगमरवरात लोहाचा अंश असल्यामुळे जुने चिरे मधासारखे पिवळसर झाले आहेत. दुरुस्तीसाठी त्याच डोंगराचा दगड वापरला जातो, पण तो अजून पांढराशुभ्र दिसतो. एकाच खांबात खाली पिवळसर दगड, मध्ये पांढरा तुकडा आणि वर पुन्हा पिवळसर दगड दिसला, तर मधला तुकडा आपल्या काळातला समजावा.

सांध्यांची कथा मला त्याहून अधिक महत्त्वाची वाटते. प्राचीन पाथरवटांनी शेजारशेजारचे चिरे लोखंडी पट्ट्यांनी जोडले होते आणि त्या पट्ट्यांभोवती शिसे ओतले होते, त्यामुळे लोखंडापर्यंत पाणी पोहोचत नसे. २०व्या शतकाच्या पूर्वार्धातील दुरुस्तीत शिशाविना लोखंड वापरले गेले. ते गंजून फुगले आणि ज्या दगडांना धरून ठेवायचे होते, त्यांनाच त्याने तडे पाडले. काही चिरे तर चुकीच्या जागी बसवले गेले होते. १९७५ मध्ये नवी समिती नेमण्यात आली आणि त्यानंतरच्या कामात लोखंड काढून टायटॅनियम घालण्यात आले. तिथे परांची किंवा क्रेन दिसल्यास छायाचित्र बिघडले म्हणून नाराज होण्याऐवजी थोडा वेळ थांबून ते काम पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

टेकडीच्या पायथ्याशी असलेले अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालय टाळू नये. पार्थेनॉनशेजारच्या एरेक्थिऑन मंदिराच्या सज्जाचा भार डोक्यावर पेलणाऱ्या ज्या स्त्रीमूर्ती टेकडीवर दिसतात, त्या सर्व प्रतिकृती आहेत. मूळ मूर्तींपैकी पाच या संग्रहालयात आहेत आणि सहावी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. संग्रहालयात त्या सहावीची जागा रिकामी ठेवलेली आहे.

वनवाटा

आग्नेय आशियात जाणार असाल, तर कंबोडियातील अंगकोर वाटच्या गर्दीतून वेळ काढून जवळच असलेल्या बाफुऑनला जावे. आपल्या प्रश्नाला इतके चपखल बसणारे दुसरे मंदिर मला माहीत नाही.

११व्या शतकातील हे शिवमंदिर वाळूच्या भरावावर रचलेले असल्यामुळे पावसाने ते आतून खचत होते. १९६०च्या दशकात फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी ते उतरवून, भक्कम पाया करून पुन्हा रचायचे ठरवले. सुमारे तीन लाख दगड काढून, प्रत्येकाला क्रमांक देऊन, आजूबाजूच्या रानात ओळीने मांडले गेले. त्यानंतर यादवी युद्ध पेटले आणि काम थांबले; पुढे ख्मेर रूज राजवटीच्या काळात क्रमांकांच्या नोंदीच नष्ट झाल्या. रानात लाखो दगड पडलेले आणि कोणता कुठे बसतो हे सांगणारा कागद नाही, अशी ती परिस्थिती होती. हे मंदिर चुन्याविना, दगडावर दगड घासून बसवलेले होते, म्हणून प्रत्येक दगडाची जागा एकच होती. १९९५ मध्ये काम पुन्हा सुरू झाले, जुनी छायाचित्रे आणि दगडांची मापे यांवरून जागा शोधल्या गेल्या, आणि २०११ मध्ये ते पूर्ण झाले.

आता खरी गुंतागुंत पश्चिमेकडे आहे. तिकडच्या भिंतीत सुमारे ७० मीटर लांबीचा निद्रिस्त बुद्ध आहे. तो काही शतकांनंतर, याच शिवमंदिराचे दगड काढून रचलेला आहे. मूळ मंदिर पूर्ववत करायचे म्हटले तर बुद्ध मोडावा लागतो आणि बुद्ध ठेवायचा म्हटले तर मंदिर अपुरे राहते. जीर्णोद्धार करणाऱ्यांनी बुद्ध ठेवला, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. मूर्ती एकदम लक्षात येत नाही. मागच्या बाजूला बरेच दूर जाऊन उभे राहिल्यावर आधी चेहऱ्याची रेषा दिसते आणि मग सगळी आकृती उलगडते.

जावा बेटावर प्रंबनानला गेलात, तर मुख्य देवळांभोवतीचे दगडांचे ढीग जरूर पाहावेत. मूळ दगडांपैकी किमान तीन चतुर्थांश हाती लागल्याशिवाय देऊळ पुन्हा उभारायचे नाही, असा दंडक तिथे डच काळापासून पाळला गेला. त्यामुळे परिसरातील शेकडो लहान देवळांपैकी बहुतेक आजही ढिगांच्याच रूपात आहेत.

देवदारू

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण असले, तरी त्यांच्या मुळाशी असलेले गृहीतक मला मान्य नाही. दगड जुना म्हणजे वास्तू खरी, हे सर्वत्र लागू होत नाही. जपानमधील इसे येथील मुख्य देवस्थान दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडात, जुन्याच मापांनी आणि जुन्याच पद्धतीने बांधले जाते. मागची बांधणी २०१३ मध्ये झाली आणि पुढची २०३३ मध्ये होईल. ही परंपरा ७व्या शतकापासूनची आहे. मधल्या युद्धकाळात तिच्यात खंड पडला, पण ती पुन्हा सुरू करण्यात आली. तिथे १०० वर्षांपूर्वीचे लाकूड शोधणाऱ्याला फारसे काही सापडणार नाही, परंतु सुताराचा हात कसा चालत असे ते मात्र पिढ्यानपिढ्या टिकून आहे. उतरवलेले लाकूडही वाया जात नाही. मुख्य मंदिरांच्या मोठ्या खांबांपासून प्रवेशवाटेवरील उजी पुलाच्या टोकांवरील तोरणे उभारली जातात.

जतनाचे नियम ठरवणाऱ्यांनाही ही अडचण जाणवली. १९६४ च्या व्हेनिस सनदेत मूळ सामग्रीवर भर होता. १९९४ च्या नारा दस्तऐवजाने कारागिरी, उपयोग आणि परंपरा यांनाही अस्सलपणाच्या विचारात स्थान दिले. एक सूचना मात्र आवर्जून करतो: इसेला केवळ वास्तू पाहण्यासाठी जाऊ नये, कारण कुंपणांच्या आड छपराच्या टोकांपलीकडे फारसे काही दिसत नाही. शेजारची रिकामी जागा मात्र पाहता येते.

शोधयात्री

सर्वांचे मनःपूर्वक आभार. देवदारू यांचा आक्षेप पटला. मात्र त्यांचे उदाहरण अखंड परंपरेचे आहे. जिथे परंपरा नव्हे तर आपत्ती आली, तिथे काय म्हणावे? वॉर्सॉचे जुने शहर तर संपूर्ण नव्याने बांधलेले आहे. तसेच इजिप्तमधील अबू सिंबेल जागचे हलवले आहे, तर तिथे नेमके काय पाहावे?

चिरेबंदी

वॉर्सॉविषयी थोडक्यात लिहितो. १९४४ च्या उठावानंतर जर्मन सैन्याने ते पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केले, आणि पुनर्बांधणीसाठी जुन्या मोजणी-नकाशांबरोबरच बेलोत्तो या १८व्या शतकातील चित्रकाराची शहरचित्रे वापरली गेली. युनेस्कोने १९८० मध्ये त्याला जागतिक वारसा यादीत घेतले, ते पुनर्बांधणीचे असामान्य उदाहरण म्हणूनच. ड्रेस्डेनचे फ्राउएनकिर्शे चर्च मला याहून बोलके वाटते. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यानंतर कोसळलेले हे चर्च २००५ मध्ये पुन्हा उभे राहिले. ढिगाऱ्यातून निवडलेले काळपट चिरे नव्या फिकट वालुकाश्मात ठिपक्यांसारखे बसवले आहेत. हा दगड उघड्यावर काळवंडतो, त्यामुळे पुढे कधीतरी हा फरक मिटेल. पाहायचे असेल तर आताच पाहावे.

अबू सिंबेलला मुद्दाम जावे. आस्वान धरणाच्या जलाशयात बुडू नयेत म्हणून १९६४ ते १९६८ या काळात तिथली दोन्ही मंदिरे करवतींनी कापून सुमारे ६५ मीटर उंचावर आणि २०० मीटर मागे नव्याने जोडली गेली. त्यांच्या पाठीशी दिसणारी टेकडी आतून पोकळ आहे आणि तिला काँक्रीटच्या घुमटाने तोलून धरले आहे. मूर्तींच्या अंगावर कापणीचे सांधे भरून घेतले आहेत, पण तिरप्या उन्हात, विशेषतः सकाळी, त्यांतील काही रेषा ओळखता येतात. प्रवेशद्वाराच्या डाव्या हाताला असलेल्या रामसेस या फॅरोच्या भग्न मूर्तीचे मस्तक पायाशी पडलेले दिसेल. ते प्राचीन काळीच कोसळले होते. इतके सारे कापून जोडणाऱ्या अभियंत्यांना ते वर बसवणे अवघड नव्हते, तरीही पूर्वी जसे पडले होते, तसेच ते नव्या जागी ठेवले गेले.

वनवाटा

अथेन्सपर्यंत जाणारच आहात, तर क्रीट बेटावरील क्नोसॉस हा प्राचीन राजवाडा यादीत घ्यावा, कारण तिथे नेमकी उलटी बाजू दिसते. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी १९०० पासून तिथे उत्खनन केले आणि आपल्या कल्पनेनुसार राजवाड्याचे काही भाग काँक्रीटमध्ये उभारले. प्रसिद्ध लाल खांब त्यांतलेच आहेत. आता ते काँक्रीटही जुने होऊन झिजू लागल्यामुळे त्याचेही जतन करावे लागते. आधी हेराक्लिऑनच्या संग्रहालयात जाऊन तिथली भित्तिचित्रे जवळून पाहावीत. मूळ गिलाव्याचे तुकडे खडबडीत दिसतात आणि त्यांच्या मधली सपाट रंगवलेली जागा २०व्या शतकातली असते. लिलींचा मुकुट घातलेला ‘राजपुत्र’ असाच मोजक्या तुकड्यांवरून पूर्ण केलेला आहे, आणि ते तुकडे एकाच व्यक्तीचे आहेत का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. संग्रहालयासाठी किमान अर्धा दिवस राखून ठेवावा आणि राजवाड्यात दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जावे. दुपारी तिथे सावली फार थोडी असते.