व्हेझलेला एक तास पुरत नाही

कुणीतरी लिहिलंय की फ्रान्सच्या बर्गंडी भागातलं व्हेझले म्हणजे टेकडीवरचं एक चर्च, तासाभरात आटपतं. हे अजिबात पटलं नाही. एवढ्याशा गावाच्या वाट्याला केवढा इतिहास आलाय! ११४६ च्या ईस्टरला सातव्या लुई राजासमोर संत बर्नार्डने दुसऱ्या क्रुसेडची, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाची, हाक दिली ती इथेच. स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेला या ख्रिस्ती तीर्थाच्या पदयात्रेचा एक जुना मार्गही इथूनच निघतो.

आणि चर्च तरी घाईने बघण्यासारखं आहे का? आतल्या मोठ्या दारावरच्या कमानीत तेव्हाच्या कल्पनेतले जगभरचे लोक कोरलेत. सुपाएवढ्या कानांची माणसं, शिडी लावून घोड्यावर चढणारे बुटके! एका खांबाच्या माथ्यावर तर एकजण जात्यात धान्य ओततोय आणि दुसरा खाली पीठ गोळा करतोय. ज्यू प्रेषित मोझेसचा जुना धर्म दळून ख्रिस्ती संत पॉलच्या हाती येतो, असा त्याचा अर्थ लावतात. मला सगळ्यात आवडलेलं शिल्प हेच. १८४० मध्ये मोडकळीला आलेली ही वास्तू व्हिओले-ल-द्युक या विशीतल्या वास्तुविशारदाने सावरायला घेतली, म्हणून आज उभी आहे. १९७९ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे.

आपल्यासाठी आणखी एक जवळचा धागा म्हणजे गांधीजी, रामकृष्ण आणि विवेकानंदांची चरित्रं लिहिणारे फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ. त्यांची शेवटची वर्षं याच गावात गेली, १९४४ मध्ये ते इथेच वारले. त्यांच्या घरात आता झेर्व्होस हे आधुनिक कलेचं संग्रहालय आहे, पिकासो, मिरो वगैरेंची कामं आहेत. जाणाऱ्यांनी किमान एक मुक्काम ठेवाच.