फोनातल्या खाजगी नोंदी कशा लपवता? आणि कधी पकडले गेलात?

पेठेतली_सून
काल माळा आवरताना माझी नववीतली डायरी सापडली. पितळी इवलंसं कुलूप, किल्ली कधीच हरवलेली. धाकट्या बहिणीने ते तेव्हा केसांच्या आकड्याने उघडून माझी सगळी गुपितं जेवताना मोठ्याने वाचून दाखवली होती! बाबा वरण ओरपत गप्प, आई ताटाकडे बघत गप्प.
त्या मानाने आता शहाणी झाले असं वाटत होतं. आयपॅडवरच्या नोटला पासवर्ड घातला, निर्धास्त. मागच्या आठवड्यात सासूबाईंनी अथर्वशीर्ष लावायला आयपॅड घेतला. यादीत सगळ्यात वर, कुलपाच्या चित्रासकट: "आईंना सांगायचं नाही". आत होतं काय, तर त्यांच्या पंचाहत्तरीचा बेत. पण हे आता कोण मानणार?
तुमचे अनुभव लिहा. मला जरा बरं वाटेल.

खडकीचा_खवट
आयपॅडवर नोट लॉक केली तरी पहिली ओळ यादीत दिसतेच, कारण तेच तिचं शीर्षक. पहिल्या ओळीत काहीतरी मिळमिळीत लिहायचं.

मनीमाऊ
हाहाहा, ताट आणि वरण डोळ्यांसमोर आलं.
माझं गूगल कीपमध्ये (नोंदींच्या अ‍ॅपमध्ये) झालं. किराण्याची यादी नवऱ्याशी शेअर केलेली. त्यातच खाली टाइप करून ठेवलं, "ह्याच्या वाढदिवसाला घड्याळ, लक्ष्मी रोड, बजेट ४०००". संध्याकाळी तो कोथिंबीर, आलं घेऊन आला आणि म्हणाला, ५००० कर ना.

वामकुक्षी_१_ते_४
फिंगरप्रिंटवर फार विसंबू नका. दुपारी घोरत पडलो होतो, नातीने अंगठा धरून फोनला टेकवला. उठलो तर तीन गेम डाउनलोड. नोंदी तिने वाचल्या नाहीत, मराठी वाचायचा कंटाळा. इंग्रजी माध्यमाचा एवढाच फायदा.

चभाषा_चपियन
आम्ही लहानपणी च-ची भाषा बोलायचो. म्हणून एटीएमच्या पिनची नोट "चनपि" नावाने ठेवली. आईने फोन हातात घेतला न घेतला तोच, "पिन असा उघड्यावर ठेवतात का रे?" विसरलोच होतो, ती भाषा आम्हाला तिनेच शिकवलेली.

सिंहगड_रोड
पिन दुसऱ्याच नावाने नंबर म्हणून सेव्ह करणारे किती? आमच्याकडे "जोशी प्लंबर" होता. खरंच नळ गळायला लागला तेव्हा मुलाने फोन लावला.

अबोली७२
जरा वेगळं लिहितेय. बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या आयपॅडवर एक लॉक केलेली नोट आहे, नाव "घरच्यांसाठी". चुकीचा पासवर्ड टाकला की त्यांनी लिहिलेली खूण दिसते: "नेहमीचाच". आईची जन्मतारीख, गावाचं नाव, जुन्या स्कूटरचा नंबर, सगळं झालं. पासवर्ड रीसेट करता येतो म्हणे, पण तो नवीन नोटांना लागतो, जुनी जुन्याच पासवर्डने उघडते. कंपनीलाही ती उघडता येत नाही.
आई म्हणते, असू दे तशीच.

मनीमाऊ
अबोली ❤️

पेठेतली_सून
अगं... काय लिहू कळेना. काकूंना नमस्कार सांग.

खडकीचा_खवट
म्हणूनच आयफोनच्या आयओएस १६ पासून, २०२२ मध्ये, नोटेला फोनचाच पासकोड लावायची सोय आली. निदान एकच लक्षात ठेवायचा. घरात एकाला तरी सांगून ठेवा.

तपकीर_गल्लीवाला
मी रिपेअरिंगमध्ये आहे. स्क्रीन बदलायला येतात आणि न विचारता पॅटर्न कागदावर लिहून देतात. अहो, प्रत्येक कामाला तो लागत नाही! सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत मेंटेनन्स मोड असतो. तो चालू करून द्या, आम्हाला तुमचे फोटो, मेसेज काही दिसत नाही.

बोरूबहाद्दर
मी टॅबवर स्टायलसने मोडीत लिहितो. पासवर्ड नाही, काही नाही. घरात कुणाला वाचता येत नाही. अडचण एकच, सहा महिन्यांनी माझं मलाही वाचता येत नाही.

चभाषा_चपियन
@बोरूबहाद्दर 😂😂

कोथरूडची_काकू
माझ्या लॉक केलेल्या नोटेत फक्त चकलीची भाजणी आहे. जाऊबाईंपासून.

मनीमाऊ
काकू प्रमाण टाका ना इथे, जाऊबाई नाहीत इथे.

कोथरूडची_काकू
४ वाट्या तांदूळ, २ हरभरा डाळ, १ उडीद डाळ, धने-जिरे. वेगवेगळं खमंग भाजायचं. अजून एक जिन्नस आहे, तो नोटेतच राहणार.

सिंहगड_रोड
पोहे?

कोथरूडची_काकू
नाही.

वामकुक्षी_१_ते_४
मुगाची डाळ. आमची ही सांगतेय.

कोथरूडची_काकू
वहिनींना माझा नंबर देऊ नका.

पेठेतली_सून
खवट, तुमचं ऐकून पहिली ओळ "गॅस बुकिंग" केली. आत्ताच सासूबाई आयपॅड घेऊन आल्या: "अगं, गॅसच्या नंबराला कुलूप कशाला?"